काट्यावरच्या संगणकाला घड्याळाचे काटे

प्रश्न : ताई, मी हिंगणघाट तालुक्यात एका जिनिंगच्या वजनकाट्यावर संगणक सांभाळतो. दिवाळीनंतर कापूस सुरू झाला की दिवसभर गाड्यांची रांग असते. पडद्याच्या खाली उजव्या कोपऱ्यातली वेळ इतकी बारीक, की मला चष्मा लावून वाकावं लागतं. खिडकीबाहेरून दर पाच मिनिटांनी कोणीतरी विचारतं, "किती वाजले जी?" पूर्वी आमच्या गावच्या सायबर कॅफेत संगणकावर गोल काट्यांचं घड्याळ असायचं. तसं आमच्या पडद्यावर आणता येईल का? विंडोज १० आहे. इंटरनेट जोडलेलं नाही. भिंतीवर घड्याळ आहे, पण ते माझ्या पाठीमागे आहे आणि बंद आहे. आणखी एक : पावतीवर छापलेली वेळ मोबाइलच्या वेळेपेक्षा अकरा मिनिटं मागे असते. त्यावरून कधी कधी वाद होतो.
— एक काटा ऑपरेटर, जि. वर्धा

उत्तर : भाऊ, गोल घड्याळाकडे येतेच. पण आधी तुमच्या पत्राचं शेपूट धरते. अकरा मिनिटं मागे असलेलं घड्याळ मोठं केलं, तर ते लांबूनही चुकीचं दिसेल, एवढंच होईल. आता निदान कोणाला दिसत तरी नाही.

दारव्ह्याला माझं संगणक दुरुस्तीचं दुकान आहे, अठरा वर्षं झाली. घड्याळ बिघडलं म्हणून कोणी संगणक आणल्याचं मला आठवत नाही. लोक येतात ते "नेट चालून नाही राहिलं" म्हणत. एका जुलैअखेर पीकविम्याच्या गडबडीत जवळच्या गावातल्या सेवा केंद्रातून फोन आला. गेले तर ओट्यावर पंचवीस-तीस माणसं, प्रत्येकाच्या हातात सातबारा आणि बँकेचं पासबुक. साइट उघडायला गेलं की 'तुमचं कनेक्शन सुरक्षित नाही'. मी डोंगल बदललं, केबल बदलली, नेटच्या कंपनीतल्या मुलाशी फोनवर भांडलेसुद्धा. दीड तास गेला. शेवटी ओट्यावरचा एक म्हातारबा खिडकीतून डोकावून म्हणाला, "बाई, याच्यात साल पंधरा काऊन दाखवते?" खालच्या कोपऱ्यात १ जानेवारी २०१५ होती. सुरक्षित साइटजवळ प्रमाणपत्र असतं, त्यावर कधीपासून कधीपर्यंत चालेल ते लिहिलेलं असतं, आणि संगणक ते आपल्या घड्याळाशी ताडून बघतो. त्याच्या लेखी ते प्रमाणपत्र अजून जन्मलंच नव्हतं. तारीख दुरुस्त केली, साइट उघडली. त्या मुलाला मी परत फोन केला नाही. करायला हवा होता.

संगणक बंद असतानाही वेळ मोजणारं घड्याळ मदरबोर्डवर, म्हणजे डब्यातल्या मुख्य पाटीवर, वेगळं असतं. त्यात क्वार्ट्झचं एक छोटं स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतं, आणि त्याला वीज मिळते एका बटण सेलवर. सेलचं नाव सीआर२०३२ : व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२ मिलिमीटर, म्हणून तो आकडा. कोपऱ्यातली वेळ, गोल घड्याळ, पावतीवरचा छाप, संगणक सुरू होताना हे सगळे यालाच विचारतात.

आता आपल्याकडची गंमत अशी, की शहरात संगणक बंद केला तरी प्लग चालूच असतो, आणि तेवढ्या विजेवर हे घड्याळ चालतं. सेल आराम करतो. आपण काय करतो? संध्याकाळी बोर्डाचं बटणच खाली करतो. लाइनचा भरवसा नाही, वीज कडाडली तर पॉवर सप्लाय जळतो, आणि ते करणं बरोबरच आहे, मीही करते. पण मग रात्रभर सगळा भार सेलवर. कापसाचा हंगाम संपल्यावर तुमचा काट्याचा संगणक महिनोन्‌महिने धूळ खात पडत असेल, तेव्हाही तोच. त्यात मे महिन्यात ४५ अंशांवर तापलेली पत्र्याची खोली. हे स्फटिक साधारण २५ अंशांना नीट चालावं असं कापलेलं असतं. त्याहून फार तापलं काय किंवा गारठलं काय, ते थोडं मंदच होतं.

तुमचं दुखणं सेलचं आहे की नुसतंच वर्षभर कोणी वेळ लावली नाही म्हणून साचलेलं, हे ओळखायला पैसे लागत नाहीत. संध्याकाळी शेवटची गाडी गेली की मोबाइल बघून वेळ लावा, नेहमीसारखं बोर्डाचं बटण बंद करा. सकाळी परत मोबाइल शेजारी धरा. एका रात्रीत मिनिटं गळाली, तर सेल गेला. रोज सकाळी काळ्या पडद्यावर इंग्रजीत काहीतरी येऊन एफ१ दाबायला लागत असेल, तर तपासायचीही गरज नाही. असे एफ१ दाबत वर्षं काढलेले ऑपरेटर मी पाहिलेत. त्यांना वाटतं, संगणक असाच सुरू होतो.

सेल बदलणं तुम्हालाही जमेल. वायर काढा, डब्याचं झाकण उघडा. मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्यासारखा चकचकीत सेल दिसेल. कडेची छोटी पट्टी नखानं बाजूला दाबली की तो स्वतःच उसळून वर येतो. नवीन बसवताना अधिकची खूण वर. नवा सेल माझ्या मीटरवर तीन व्होल्टच्या किंचित वर दाखवतो. मागच्या आठवड्यात एका काट्यावरून आलेला दोनच्याही खाली होता. काढण्याआधी बायोसच्या, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या मूळ प्रोग्रामच्या, सेटिंगचे मोबाइलवर फोटो काढून ठेवा, कारण सेल काढला की ती मूळपदावर जाऊ शकते आणि तुमचा इंडिकेटर, म्हणजे वजनाचा आकडा दाखवणारं यंत्र, ज्या पोर्टला जोडलाय तेही तिथंच ठरतं. आणि भाऊ, हात लावायचा तो फक्त संगणकाच्या डब्याला. काट्याच्या इंडिकेटरला वैधमापनवाल्यांचं सील असतं, त्याच्या आसपासही स्क्रू-ड्रायव्हर नेऊ नका.

वेळ दुरुस्त करायची ती सकाळी, पहिली गाडी काट्यावर चढायच्या आधी. भरदुपारी कराल तर भरल्या गाडीची पावती जुन्या वेळेची आणि रिकाम्या गाडीची नव्या वेळेची. घड्याळ पुढे असताना ते मागे घेतलंत, तर गाडी आधी रिकामी झाली आणि मग भरली असं कागदावर दिसेल. आता मोबाइलच्या वेळेवरून होतो तो वाद त्यापुढे काहीच नाही. मालकाला सांगून करा, त्या तारखेची नोंद वहीत ठेवा. महिन्यातून एकदा मोबाइलचं हॉटस्पॉट जोडून सेटिंग्जमध्ये 'टाइम अँड लँग्वेज', मग 'डेट अँड टाइम', तिथं 'सिंक नाउ' दाबलं तरी पुरे. तिथंच टाइम झोन बघून घ्या : यादीत चेन्नई, कोलकाता, मुंबई, नवी दिल्ली असं लिहिलेला, ५:३० वाला. नवं विंडोज टाकताना तो अमेरिकेचा राहून गेला तर घड्याळ साडेबारा किंवा साडेतेरा तास मागे पडतं.

आता तुमचं गोल घड्याळ. सायबर कॅफेत होतं ते विंडोज व्हिस्टा आणि विंडोज ७ मधलं 'गॅजेट'. व्हिस्टा लोकांच्या हातात २००७ला आलं, विंडोज ७ २००९ला. घड्याळ, कॅलेंडर, हवामान असे तुकडे पडद्यावर चिकटवता यायचे. मला ते फार आवडायचं. जुलै २०१२मध्ये मायक्रोसॉफ्टनंच सांगितलं, की या गॅजेटांच्या आडून बाहेरचा माणूस संगणकात शिरू शकतो, ती बंद करा. त्याच वर्षी आलेल्या विंडोज ८ मधून ती गेली आणि तुमच्या विंडोज १० मध्येही नाहीत. जुनी गॅजेटं परत बसवून देणारे बाहेरचे संच मिळतात; मी गिऱ्हाइकाला ते टाकून देत नाही.

त्याहून जुन्या विंडोज एक्सपीत कोपऱ्यातल्या वेळेवर दोनदा क्लिक केलं की गोल घड्याळाची खिडकी उघडायची. लोक तिथं पुढच्या महिन्याची तारीख बघायचे, ओके दाबायचे, आणि संगणक खरंच पुढच्या महिन्यात जायचा. त्यावर माझं दुकान पहिली दोन वर्षं चाललं म्हणा ना.

तुमच्या कामाला तीन गोष्टी सुचतात. सगळ्यात सोपी म्हणजे पडदाच थोडा मोठा करणं : डेस्कटॉपवर उजवं क्लिक, 'डिस्प्ले सेटिंग्ज', तिथं १०० टक्क्यांचे १२५ करा. वेळेसकट सगळी अक्षरं मोठी होतील. वजनाचं जुनं सॉफ्टवेअर त्यात वेडंवाकडं दिसायला लागलं तर परत १०० करा, बिघडत काही नाही.

दुसरी, जी बहुतेकांना माहीतच नसते, ती विंडोजमध्ये आयती आहे. शोधायच्या चौकटीत 'स्क्रीन सेव्हर' लिहा, यादीतून 'थ्रीडी टेक्स्ट' निवडा, त्याच्या सेटिंग्जमध्ये 'टाइम' वर टिंब द्या. दोन मिनिटं माउस हलला नाही की पडदाभर मोठमोठे आकडे फिरायला लागतात. खिडकीतून डोकावणाऱ्याला चष्मा नको की काही नको. गाडी आली, माउस हलवला, वजनाचा पडदा परत हजर. आकडे गरगर फिरताना वाचता येत नाहीत, म्हणून तिथंच फिरण्याचा प्रकार 'नन' ठेवा आणि आकार वाढवा.

तिसरी गोष्ट रेनमीटर, म्हणजे डेस्कटॉपवर घड्याळासारखे तुकडे मांडणारा एक प्रोग्राम. फुकट आहे, वर्षानुवर्षं लोक वापरतात, त्याच्या स्वतःच्याच साइटवरून घ्या. बसवल्याबरोबर पडद्यावर घड्याळ येतं, पण ते लहान असतं. मोठ्या आकड्यांची किंवा गोल काट्यांची 'स्किन' (घड्याळाचं तयार रूप) वेगळी उतरवून डबल क्लिकनं बसवावी लागते. आणि इथंच बहुतेकांची निराशा होते. डेस्कटॉपवरचं घड्याळ हे डेस्कटॉपवर असतं, म्हणजे वजनाचं सॉफ्टवेअर पूर्ण उघडलं की ते त्याच्याखाली झाकलं जातं. दिवसभर तुमच्यापुढे डेस्कटॉप असतो की वजनाचा पडदा? म्हणून घड्याळावर उजवं क्लिक करून 'सेटिंग्ज', 'पोझिशन', 'स्टे टॉपमोस्ट'. मग ते सगळ्यांच्या वर बसेल. तिथंच 'क्लिक थ्रू' पण लावा, म्हणजे घड्याळाखालच्या बटणावर तुमचं क्लिक अडणार नाही. ठेवायचं मात्र अशा कोपऱ्यात, जिथं वजनाचा आकडा, गाडी नंबर आणि 'प्रिंट' येत नाही. घड्याळाखाली वजनाचा एक अंक जरी झाकला, तरी खिडकीबाहेरचा माणूस वेळ विचारायचं सोडून दुसरंच विचारेल, आणि त्याचं बरोबर असेल.

मी तुमच्या जागी असते तर स्क्रीन सेव्हरवर थांबले असते. नवीन काही टाकायला नको, पडद्यावर गर्दी नको.

सेकंद दिसावेत असं तुम्ही विचारलं नाहीत, बरं केलंत. विंडोज ९५ तयार होत होतं तेव्हा कोपऱ्यातल्या घड्याळात सेकंद होते, म्हणे, आणि मधले दोन ठिपके लुकलुकायचे. तेव्हाच्या संगणकाला ४ एमबी मेमरी. एवढ्याशा लुकलुकीनंही तो मंदावायचा, म्हणून ते काढलं, असं मायक्रोसॉफ्टच्या रेमंड चेन यांनी २००३मध्ये लिहिलं. आता विंडोज ११ मध्ये सेकंद दाखवायची सोय आहे, पण सोबत 'वीज जास्त लागते' अशी सूचनाही आहे. विंडोज १० मध्ये कोपऱ्यातल्या वेळेवर एकदा क्लिक करा, वर उघडणाऱ्या कॅलेंडरच्या डोक्यावर सेकंद दिसतात.

आणि पाठीमागच्या भिंतीवरच्या घड्याळात एक पेन्सिल सेल टाका ना भाऊ!

प्रश्न : मुलगा जर्मनीत आहे. मी सकाळी आठला फोन करते, पण तेव्हा तिथं किती वाजले असतील हा हिशेब दर वेळी चुकतो. संगणकावर दोन्हीकडच्या वेळा दिसतील का?
— निवृत्त शिक्षिका, जि. अमरावती

उत्तर : दिसतील बाई. शोधायच्या चौकटीत 'अॅड क्लॉक्स' लिहा, उघडलेल्या खिडकीत 'शो धिस क्लॉक' वर टिक करा, यादीतून बर्लिन निवडा आणि नावाच्या जागी मुलाचं नाव लिहा. अशी दोन जादा घड्याळं लावता येतात. मग कोपऱ्यातल्या वेळेवर माउस नुसता नेला तरी दोन्ही वेळा वर येतील. तुमचा हिशेब चुकतो यात तुमचा दोष नाही. तिकडे मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासभर पुढे करतात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे आणतात. त्यामुळे हिवाळ्यात ते आपल्या साडेचार तास मागे असतात, उन्हाळ्यात साडेतीन. संगणक हे आपोआप सांभाळतो. तुमची सकाळची आठची वेळ मात्र बदला, तेव्हा पोरगा साखरझोपेत असतो.