कॉम्प्युटरकडून ठेका बनवून घ्यायचा तर सुरुवात कुठून करू?

रँडमपासून करू नका, नुसते रँडम ठोके ऐकायला अगदी विस्कळीत वाटतात. युक्लिडियन रिदमपासून करा. संगणकशास्त्रज्ञ गॉडफ्रीड टूसाँ यांनी २००५ मध्ये दाखवलं की ठोके जमेल तितके समान अंतरावर पसरवले की जगभरातले कितीतरी पारंपरिक ठेके आपोआप निघतात. कोड एका ओळीचा आहे, ८ घरं घ्या, ० ते ७ नंबर द्या, प्रत्येक नंबरला ३ ने गुणा, ८ ने भागा, बाकी ३ पेक्षा कमी आली की ठोका, नाहीतर रिकामं. ०, ३, ६ वर ठोके पडतात, हाच क्यूबाचा त्रेसिय्यो नावाचा ठेका.

पण मला सगळ्यात भारी वाटते ती तिहाई, म्हणजे एकच बोल तीनदा वाजवून समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, येऊन संपणं, कारण ती तर सरळ गणितच आहे. १६ मात्रांच्या तीनतालात समेपासून पुढच्या समेपर्यंत, दोन्ही समा धरून, १७ मात्रा होतात, म्हणजे बोल तीनदा आणि मधले दोन दम, म्हणजे थांबे, मिळून १७. ५ चा बोल अन् १ चा दम, किंवा ३ चा बोल अन् ४ चा दम, लूप लावला की सगळ्या जोड्या मिळतात.

नागपुरात असाल तर गणपतीच्या आधी एखाद्या ढोल-ताशा पथकाचा सराव ऐकून या, ताशाची तर्री, म्हणजे सलग भरभर ठोके, भरगच्च असते आणि ढोलाचे ठोके मोजकेच, तसेच दोन लेयर कोडमध्ये वेगवेगळे ठेवा.