बाळाच्या डोक्यावर बोरं का ओततात?

लाडक्या सई,

काल व्हिडिओ कॉलवर जळगावला मामाच्या बाळाचं बोरन्हाण बघताना तू विचारलंस, "आई, त्याच्या डोक्यावर फळं का ओततायत? आणि बोरपण असाईच्या फळासारखं सुपरफूड आहे का?" मी उत्तर देईपर्यंत तू झोपून गेलीस, म्हणून लिहून ठेवतेय.

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत पाच वर्षांच्या आतल्या मुलांना काळं झबलं घालतात, हलव्याचे दागिने चढवतात आणि डोक्यावरून बोरं, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे, भुईमुगाच्या शेंगा, चुरमुरे ओततात. यातलं बहुतेक सगळं त्याच दिवसांत शेतातून घरात आलेलं असतं. आजी म्हणायची, थंडी सरून ऊन तापायला लागतं, ते बाळाला बाधू नये म्हणून हे न्हाण. मला मात्र भोवतीच्या पोरांची झुंबड महत्त्वाची वाटते. हातात दिलेलं फळ तुम्ही मुलं नको म्हणता. तेच जमिनीवरून ढकलाढकली करून वेचलेलं असलं की लगेच तोंडात जातं! बाळाच्या हातातून मामी बोरं काढून घेत होती ना, ते आठळी घशात अडकू नये म्हणून. ते बरोबरच होतं.

जळगावचा मेहरूण तलाव तुला आठवतो? त्याच मेहरूणच्या नावाचं बोर आहे. देशातल्या बोरांच्या जाती सांगताना उमराण, कडाका यांच्याबरोबर मेहरूणचंही नाव घेतात. मी लहानपणी खाल्ली ती मात्र आमच्या बांधावरच्या गावठी झाडाची, सुपारीएवढी, आंबटगोड. त्या झाडाला काटे जोडीने असायचे, एक सरळ आणि एक आकड्यासारखा वाकडा. फ्रॉक अडकायचा तो वाकड्यातच. पान वरून चकचकीत हिरवं, उलटं केलं की पांढरट, मऊ लव. एप्रिल-मेच्या उन्हात झाड पानं टाकून देतं, मुळं खोल जातात, आणि पाऊस कमी झाला तरी थंडीत फळ धरतं. खानदेशच्या कोरडवाहू रानात याची किती किंमत आहे, ते शेतकऱ्यालाच कळतं. पाला शेळ्या खातात, वाळलेल्या काटेरी फांद्यांचं कुंपण होतं.

आता तुझं सुपरफूड. ताज्या बोरात क जीवनसत्त्व संत्र्याच्या तोडीचं, बऱ्याच जातींत त्याहून जास्त असतं. सफरचंद तर जवळपासही येत नाही. चोथाही भरपूर. वाळवलं की क जीवनसत्त्व बरंच कमी होतं, गोडी मात्र दाटते, आणि त्याचं बोरकूट करून आम्ही शाळेच्या दारात चाटत बसायचो. असाईचं वेगळं आहे. ती ब्राझीलच्या अॅमेझॉन खोऱ्यातल्या एका ताडाची फळं. त्यांत क जीवनसत्त्व फारसं नसतं. त्यांची खासियत गडद जांभळ्या रंगद्रव्यांत आणि चांगल्या तेलात. तिथली माणसं तो गर साखर न घालता, मासे आणि कसाव्याच्या पिठाबरोबर जेवणात खातात. फळ लगेच खराब होतं, म्हणून आपल्याकडे मेलबर्नला गोठवलेला गर येतो आणि दुकानात त्यात साखर पडते. दोन्ही फळं आपापल्या मातीत गुणी आहेत. "सुपर" हा शब्द विकणाऱ्यांनी एकीलाच चिकटवला, याचं मला खरंच वाईट वाटतं.

ताजी बोरं इथे आणता येत नाहीत, विमानतळावर काढून घेतात. चिनी दुकानात सुके लाल खजूर म्हणून जे मिळतात ना, ती बोराचीच चुलत भावंडं. शनिवारी आणू.

पण खरं बोर पुढच्या जानेवारीत, तुझ्या सुट्टीत, जळगावलाच. चावण्याआधी फिरवून बघायचं. बारीक छिद्र दिसलं तर आत अळी असते, टाकून द्यायचं. मग थोडं मीठ लावायचं. मामाला सांगून ठेवलंय, झाड सगळं झोडपू नकोस, एक फांदी सईसाठी ठेव.

तुझी,
आई