भोगीची बाजरी आणि आवाची आजी

प्रिय चिऊ,

भोगीच्या रात्री अंथरुणात शिरताना तू विचारलंस, "आई, बाजरी आपली की आवाची?" मी "दोघींची" म्हणाले आणि दिवा मालवला. दिवसभराच्या स्वयंपाकाने दमले होते, पण तुझा प्रश्न तेवढ्यावर भागवण्यासारखा नव्हता. म्हणून आज सवडीने लिहिते आहे. मराठीतच लिहिते. एखादा शब्द अडला तर खूण कर, आपण बसून बघू.

झालं ते असं. आवा आणि तिची आजी आपल्याकडे जेवायला आल्या. तू आवाला ऐटीत सांगितलंस की आज भोगी, आज आम्ही मराठी लोक बाजरीची तीळ लावलेली भाकरी, लोणी आणि भोगीची मिसळीची भाजी खातो, आणि असं जेवण जगात दुसरीकडे कुठे नाही. आवाच्या आजीने भाकरीचा तुकडा तोडला, तोंडात घातला, चावता चावता थांबली आणि हसून म्हणाली, "हे तर मिल! आमच्या गावचं." मिल म्हणजे बाजरीच. तुझा चेहरा उतरला. मला ते दिसलं होतं.

आवाची आजी बरोबर बोलली. ती पश्चिम आफ्रिकेतल्या माली देशाची आहे आणि बाजरीचा उगम त्याच बाजूला आहे.

मालीच्या ईशान्येला, गाओ शहराच्या उत्तरेला तिलेम्सी नावाचं खोरं आहे. आज तिथे वाळूच वाळू. साडेचार हजार वर्षांपूर्वी मात्र पाऊस बरा पडायचा, गवत होतं, लोक गुरं राखायचे. सहारा हळूहळू कोरडा पडत होता आणि माणसं गुरांमागे दक्षिणेकडे सरकत होती. त्या लोकांनी मडकी घडवताना मातीत बाजरीचं तूस कालवलं. आजी गावी चुलीची माती मळताना तूस घालायची ते तुला आठवतं का? मातीला तडा जाऊ नये म्हणून. तिलेम्सीच्या लोकांनीही त्याच कारणाने घातलं. मडकं भट्टीत भाजलं, तूस जळून गेलं आणि मातीत त्याचा ठसा राहिला. खापरांवरचे ते ठसे अभ्यासकांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले.

त्यांना काय दिसलं ते नीट वाच, कारण माझ्या मते सगळ्या गोष्टीत सुंदर भाग हाच आहे. बाजरीचा दाणा कणसावर एका केसाळ वाटीत बसलेला असतो. रानटी बाजरीत दाणा पिकला की ही वाटी आपणहून गळून पडते. झाडाच्या दृष्टीने ते बरोबरच आहे, बी जमिनीवर पडल्याशिवाय पुढचं झाड कसं येणार? पण काही थोड्या ताटांमध्ये वाटीला बारीकसा देठ असतो आणि ती कणसाला घट्ट धरून राहते. रानात असं ताट वाया जातं. माणूस कापणीला आला की मात्र त्याच्या टोपलीत हेच दाणे जास्त येतात, कारण बाकीचे आधीच मातीत सांडलेले असतात. पुढच्या पावसाला तो टोपलीतलंच बी पेरतो. असं पिढ्यानपिढ्या झालं की शेत न गळणाऱ्या बाजरीने भरतं. तिलेम्सीच्या खापरांवर तो बारीक देठ उमटलेला आहे. म्हणजे ती बाजरी तेव्हाच माणसाच्या हाताची झाली होती. मळणी केल्याशिवाय तिचा दाणा सुटत नव्हता.

आता तिलेम्सीपासून आपल्याकडचं सौराष्ट्र किती लांब? सरळ रेघ ओढली तरी सात हजार किलोमीटरहून जास्त. आणि तरीही इसवीसनापूर्वीच्या दुसऱ्या सहस्रकाच्या पहिल्या काही शतकांत बाजरी गुजरातेत पोचलेली दिसते. थोड्याच काळाने ती खाली कर्नाटकात तुंगभद्रेकाठच्या हल्लूरलाही सापडते. उत्खननातली माती पाण्याच्या बादलीत ढवळतात. माती खाली बसते आणि जळून कोळसा झालेले दाणे वर तरंगतात. ते गाळून घ्यायचे, ओळखायचे आणि त्यांचं वय काढायचं. एवढासा काळा दाणा आणि त्याच्या पोटात केवढा प्रवास!

तो प्रवास कसा झाला? त्या काळी इजिप्त आणि मेसोपोटेमियात मोठमोठी राज्यं होती, पण त्यांच्या शेतात बाजरी दिसत नाही. म्हणजे राजाच्या जहाजातून, नजराणा म्हणून ती आली नसावी. अभ्यासकांचा अंदाज असा की आफ्रिकेत ती गावागावाने, सोयऱ्याकडून सोयऱ्याकडे पूर्वेला सरकत तांबड्या समुद्राच्या बाजूला गेली. समुद्राचं तोंड तिथे, बाब-एल-मंदेबला, जेमतेम तीस किलोमीटर रुंद आहे. तिथून अरबस्तानचा किनारा धरून छोट्या होड्यांनी पुढे. अशा होड्या कशा असायच्या याचा पुरावा ओमानमध्ये रास अल-जिंझला मिळाला आहे. साडेचार हजार वर्षांपूर्वीचे डांबराचे तुकडे. आतल्या बाजूला बोरूच्या जुड्यांचे आणि दोरांचे ठसे, बाहेरच्या बाजूला समुद्रातल्या बार्नेकलची कवचं चिकटलेली. बोरूची होडी, वरून डांबर फासलेलं! त्याच वस्तीत सिंधूकाठच्या हडप्पा लोकांची मडकीही सापडली आहेत, म्हणजे आपल्या बाजूची माणसं तिथे जात-येत होती.

माझ्या मनात नेहमी एक चित्र येतं. अशा होडीत एखाद्या खलाशाच्या शिदोरीचं गाठोडं आहे, त्यात भरडायची बाजरी आहे. किनाऱ्याला लागल्यावर मूठभर उरली ती कुणीतरी घराच्या मागे पेरली. हे माझं चित्र आहे, पुराव्याने सिद्ध झालेली गोष्ट नाही, तेव्हा शाळेत सांगताना तसंच सांग.

पेरली ती रुजली का, हा पुढचा प्रश्न. गहू, जव, मसूर, वाटाणा ही धान्यं आपल्याकडे पश्चिम आशियातून आली. ती तिकडच्या हिवाळी पावसाची, म्हणून आपल्याकडे ती रब्बीत, थंडीत येतात. पण सौराष्ट्रात आणि दख्खनच्या पठारावर पाऊस पडतो तो उन्हाळ्यानंतर, मृगापासून. मालीतही पाऊस त्याच महिन्यांत येतो आणि तोही असाच बेभरवशाचा. गुजरातेतले शेतकरी बारीक धान्यं पावसाळ्यात पेरतच होते. त्यांच्या हातात असं धान्य आलं जे हलक्या मुरमाड जमिनीत येतं, थोड्या पावसावर भागवतं आणि अडीच-तीन महिन्यांत कापणीला तयार होतं. त्यांनी ते ठेवून घेतलं. ज्वारी अशीच पूर्व सुदानच्या बाजूने आली, नाचणी इथिओपियाच्या डोंगराळ भागाकडून. म्हणजे आपण ज्या तीन भाकऱ्यांना अगदी घरच्या समजतो त्या तिन्ही आफ्रिकेच्या माहेरवाशिणी.

आता तुला आजीच्या गावाबद्दल सांगते. शिरूर तालुका, घोड नदी. आजीला विचारशील तर ती म्हणेल, आमच्याकडे पहिल्यापासून बाजरीच. तिथून जवळच इनामगाव आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ अशी बरीच वर्षं तिथे उत्खनन केलं. साधारण इ. स. पू. १६०० ते ७०० या काळातलं अख्खं गाव सापडलं: घरं, चुली, धान्याच्या कणग्यांच्या जागा, पाणी अडवायला बांध आणि पाट. तिथल्या लोकांचं मुख्य धान्य होतं जव! बार्ली म्हणतेस ते. जोडीला गहू, मसूर, कुळीथ वगैरे. आज त्याच रानात कुणी जव पेरत नाही आणि घरोघरी बाजरी आहे. आजी म्हणते ते खोटं नाही. तिच्या आजीच्या आजीपर्यंत, त्याच्याही मागे, बाजरीच होती. पण "पहिल्यापासून" हा शब्द आपण म्हणतो तेव्हा आपल्याला जेवढं मागे दिसतं तेवढंच आपण मोजतो.

मग भोगीला बाजरीच का? संक्रांत पडते पौषात, ऐन थंडीत. खरिपाची बाजरी तोवर मळून घरात आलेली असते, आणि बाजरी उष्ण, तीळ उष्ण, असं आपल्याकडे मानतात. म्हणून थंडीत दोन्ही एकत्र. "न खाई भोगी तो सदा रोगी" ही म्हण आजी दरवर्षी फोनवर ऐकवते ती याचसाठी. त्या दिवसांत शेतात जे जे हिरवं, ताजं असतं ते सगळं एका भाजीत पडतं. मला हा सण फार आवडतो, कारण त्यात विकत आणून मिरवण्यासारखं काही नसतं. शेतात आलं ते ताटात आलं.

त्या भाजीकडेही एकदा बघ. हिरवा हरभरा: त्याचा रानटी भाऊ आजही फक्त तुर्कस्तानच्या आग्नेय कोपऱ्यात उगवतो. पावटा पूर्व आफ्रिकेचा आणि तोही आपल्याकडे बाजरीइतकाच जुना. गाजर अफगाणिस्तान-इराणकडचं, बरंच नंतरचं. शेंगदाणा तर दक्षिण अमेरिकेतला, पोर्तुगीज समुद्रावर फिरू लागल्यानंतर आलेला. तो आवाच्या घरीही माफेच्या रश्शात असतो, दोन्हीकडे तो पाहुणाच. बोरं आपली.

आणि तीळ! भाकरीवर थापलेले तीळ भारतीय उपखंडातले. हडप्पाच्या उत्खननात जळालेल्या तिळाचा गोळा मिळाला आहे, चार हजार वर्षांहून जुना. तीळ इथून पश्चिमेला गेला. तू ब्रेडला लावून खातेस ते ताहिनी म्हणजे त्याचंच पुढचं रूप. वशिंडाची गुरंही आपल्याच बाजूला माणसाळली आणि तिकडे गेली. आवाच्या आजीने तिच्या गावच्या फुलानी गुराख्यांचा फोटो दाखवला तेव्हा तू ओरडलीस, "हे तर आपले बैल!" तिचा चेहरा मात्र उतरला नाही. ती खूश झाली, आठवतंय?

तेव्हा तुझ्या प्रश्नाला आता नीट उत्तर देते. बाजरीला रानातून शेतात आणलं ते आवाच्या बाजूच्या माणसांनी, आणि ते श्रेय त्यांचंच आहे. ते आपण मोठ्याने सांगायचं. तिला भाकरीचा आकार दिला, तिच्यावर तीळ थापले, भोगीच्या दिवशी मान दिला, हे आपल्या माणसांनी केलं. साडेतीन हजार वर्षांत एक पावसाळाही असा गेला नसेल की आपल्याकडे कुठल्यातरी बाईने चांगली कणसं निवडून बियाण्याला बाजूला टांगली नसतील. दुष्काळातही, घरात खायला नसतानाही, ते बियाणं शिवायचं नाही असा नेम असे. मला वाटतं "आपलं" म्हणण्याचा हक्क त्यातून येतो. आणि तो आवाच्या आजीलाही तितकाच आहे, कारण तिच्याकडच्या बायकांनीही हेच केलं.

तू झोपलीस तेव्हा आम्ही दोघी अजून बोलत बसलो होतो. ती सांगत होती, लहानपणी पाखरं राखायला तिला शेतात धाडायचे, हातात गोफण द्यायचे. मी म्हटलं, माझी आईही माळ्यावर उभी राहून गोफण फिरवायची. तिला तो शब्द फार आवडला. तीनदा म्हणून पाहिला, गोफण, गोफण. मग कोवळं कणीस निखाऱ्यावर भाजून चोळून खायची गोष्ट निघाली. आपल्याकडे त्याला निंबूर म्हणतात. तिने तिच्या भाषेतला शब्द सांगितला तो मला नीट म्हणता आला नाही. तुला शिकून घ्यायचा आहे.

अजून एक गोष्ट विचार तिला. आपल्या बाजरीचं कणीस वीत-दीड वीत असतं. साहेलमधल्या, म्हणजे सहाराच्या दक्षिणेकडच्या पट्ट्यातल्या, काही गावरान वाणांची कणसं हातभर, कधी मीटरपेक्षाही लांब असतात म्हणे. तिच्या गावची केवढी असायची ते तिला हाताने दाखवायला सांग आणि पट्टीने मोजून घे.

आणि हो, आवाच्या आईने आपल्या स्टीलच्या डब्यात देगे भरून दिलं होतं, दह्यातली बाजरी. तू तो डबा काल घासून ओट्यावर ठेवलास. रविवारी त्यांच्याकडे जाताना तो तसाच रिकामा न्यायचा नाही. फडताळात वरच्या कप्प्यात तिळगूळ आहे, तो भर. आजीसाठी थोडे नुसते तीळही वेगळे बांध, तिला भाकरीवर थापून बघायचे आहेत.

तुझी
आई