कानबाईचं ताट आणि समोरच्या घरातली चिमुरडी

माई,

आम्ही धुळ्यात, देवपुरात राहतो. 5 मजली इमारत, 40 फ्लॅट. इथे येऊन 4 वर्षं झाली. समोरचं कुटुंब अकोल्याचं. त्यांची 6 वर्षांची मुलगी दिवसातून दहा वेळा आमच्याकडे असते, माझ्या मुलाबरोबर जेवते, झोपतेसुद्धा. गावचं घर पडायला आलंय, म्हणून यंदा कानबाई, आमची खानदेशातली श्रावणात बसणारी देवी, पहिल्यांदा आमच्या फ्लॅटमध्ये बसली. लोकांना त्रास नको म्हणून सोसायटीत कुणाला बोलावलं नाही. सोमवारी विसर्जन करून आल्यावर सगळे भाऊबंद रोट, म्हणजे तिच्या नैवेद्याच्या पोळ्या, जेवायला बसले. दार उघडंच होतं. ती पोरगी नेहमीसारखी आत आली, माझ्या मुलाशेजारी बसली आणि तिनं त्याच्या ताटातल्या रोटाला हात घातला. सासूबाईंनी ताट ओढून घेतलं आणि म्हणाल्या, ‘तुले नही देतस ते.’ पोर रडत गेली. तिची आई दारात आली, माझ्याकडे नुसती पाहिली आणि दार लावून घेतलं.

तेव्हापासून बोलणं बंद आहे. त्यात सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एका गृहस्थांनी लिहिलं की रात्री 1 पर्यंत ढोलकी आणि पहाटे जिन्यात हलगी, हे चालणार नाही, घरगुती देव गावी बसवावेत, वार्षिक सभेत विषय घेऊ. मला वाटतं, हे तिनंच लिहायला लावलं. सासूबाई म्हणतात, कुळाचार आहे, माफी कसली मागायची? नवरा म्हणतो, पुढच्या वर्षापासून गावी भाड्याची खोली घेऊन करू. मी काय करू?

— दोन दारांमधली सून


पोरी,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्या ताटापाशीच थांबले. सहा वर्षांच्या मुलीला कुळाचार कळत नाही. काल याच घरात वरणभात कालवून दिला आणि आज त्याच घरात हातातून ताट ओढलं, एवढंच तिला कळलं. तिच्या आईला काय कळलं असेल ते मी स्पष्टच सांगते, कारण तू पत्रात ते लिहायचं टाळलं आहेस. ती जातीवर गेली असणार. ‘आमची पोर तुमच्या ताटाला चालत नाही’ असाच अर्थ तिनं घेतला असणार. आपल्याकडे ताट ओढण्याला फार जुना आणि फार वाईट अर्थ आहे. तिला कानबाई ठाऊक नाही. मग तिनं दुसरा कोणता अर्थ काढायचा?

म्हणून आधी तिला रोट म्हणजे काय ते सांगायला हवं. तुला ते इतकं अंगवळणी पडलंय की सांगण्यासारखं त्यात काही आहे, हेच तुझ्या ध्यानात आलं नाही. नागपंचमीनंतरच्या पहिल्या रविवारी कानबाई बसते. त्याआधी घरातली पुरुष माणसं मोजून गहू काढतात, आमच्याकडे माणसी सव्वा मूठ. पाळण्यातला मुलगा असला तरी त्याची मूठ निघते, आणि नोकरीसाठी पुण्याला असला तरी निघते. ते गहू वेगळे निवडायचे, वेगळे दळायचे, त्याचे रोट करायचे आणि ज्यांच्या नावानं मुठी निघाल्या त्या कुळातच ते संपवायचे. आमच्या घरी तर सासरी गेलेल्या लेकीलाही रोट देत नसत. तिचं कुळ बदललं. माझी आत्या दरवर्षी कानबाईला यायची, रात्रभर गाणी म्हणायची, नारळाला नथ तीच घालायची आणि सोमवारी रोट वाढायची वेळ झाली की उठून मागच्या पडवीत जाऊन बसायची. मी लहानपणी तिला विचारलं होतं, ‘तुला राग नाही येत?’ ती म्हणाली होती, ‘येतो ना. पण तुझी आजी मला पुरणपोळी पाठवते पडवीत, मग जातो.’

तुझ्या घरी नणंद आली होती का? तिनं रोट खाल्लं का? तुमच्याकडेही लेकींना देत नसतील, तर शेजारणीला सगळ्यात आधी हेच सांग. जिथे पोटच्या लेकीलाही ते ताट नाही, तिथे प्रश्न जातीचा नाही आणि परकेपणाचाही नाही, हे तिला लगेच कळेल. तुमच्याकडे लेकींना चालत असेल, तर मात्र ही सबब सांगू नकोस. खोटं बोलून हे जुळणार नाही.

आता सासूबाईंचं. त्यांचा नियम मी मोडायला सांगणार नाही. गावातलं घर पडायला आलंय, माणसं पांगलीत, वर्षातून एकदा सगळे भाऊबंद एका पंगतीला बसतात ते या मोजून काढलेल्या गव्हांमुळेच. त्या गव्हांना त्या जपतात, तर त्यांना जपू दे. पण नियम कोणता आणि हातातलं ताट ओढणं कोणतं, यात फरक आहे आणि तो तू त्यांना सांगायला हवास. ‘आई, माफी मागा’ असं म्हणू नकोस, त्या अडून बसतील. त्यांना एकट्यात गाठ आणि एवढंच विचार की पोर रडत गेली, ते तुम्हाला बरं वाटलं का? चार वर्षं ती त्यांच्याही मांडीवर खेळली आहे. मला वाटतं, त्या सोमवारी दुपारी त्यांनाही नीट झोप लागली नसेल. पाहुण्यांसमोर, भाऊबंदांसमोर, कुणी नाव ठेवू नये या धास्तीत माणसाचा हात पटकन पुढे जातो. त्यांना त्यातून बाहेर यायला वाट दे.

आणि तुझं? तू तिथेच होतीस. तुझी चूक सासूबाईंच्या चुकीपेक्षा लहान नाही. ती आई दारात आली तेव्हा तू चार पावलं टाकून तिच्या घरात जायला हवं होतंस, रोट वाढायचे थांबवून. ते राहिलं. शिवाय ‘लोकांना त्रास नको म्हणून बोलावलं नाही’ असं तू लिहितेस, तिथे तर तू कानबाईलाच उलटी केलीस. रोट भाऊबंदांचे असतात, पण रविवारची रात्र कधीच भाऊबंदांची नसते. चौरंग मांडला, केळीचे खांब बांधले, नारळाला डोळे लावून नथ घातली की गल्ली दर्शनाला लोटते. बायका ओट्या भरतात, फुगड्या घालतात, लाह्या-फुटाण्यांचा प्रसाद ज्याच्या त्याच्या हातावर पडतो. सोमवारी पहाटे कानबाई डोक्यावर घेऊन पांझरा नदीवर जाताना रस्त्यात दारोदार बायका थांबून पाया पडतात, त्या काय सगळ्या एका कुळाच्या असतात? तुम्ही बंद ठेवायचं ते ठेवलंत आणि उघडं ठेवायचं तेही बंद केलंत. शेजाऱ्यांच्या वाट्याला उरला तो फक्त आवाज. रात्री एकपर्यंत भिंतीपलीकडून ढोलकी ऐकायची आणि ती कशाची हे कुणी सांगायचं नाही, मग माणूस वैतागणारच.

तेव्हा ग्रुपवरच्या त्या गृहस्थांचा मला राग आला नाही. आणि ते तिनं लिहायला लावलं, हा तुझा संशय तू आजच सोडून दे. तुझ्या पत्रात त्याला एक शब्दाचाही आधार नाही. तिनं दार लावलंय, पण ग्रुपवर एक ओळही लिहिलेली नाही. दुखावलेली बाई चारचौघांत बोलत नाही याचं मला कौतुक वाटलं.

त्या गृहस्थांना ग्रुपवर उत्तर देऊ नकोस. तुझी सोसायटी सहकारी असेल तर 30 सप्टेंबरच्या आत वार्षिक सभा व्हायलाच हवी. 1970 च्या अपार्टमेंट मालकी कायद्याखालचं अपार्टमेंट असेल तर त्यांचे नियम निराळे, पण बैठक त्यांचीही होते. सभेला नवऱ्याला घेऊन जा आणि विषय निघायच्या आत तूच उठून बोल. आवाजाबद्दल चुकलं, हे आधी मान्य कर. ध्वनिप्रदूषणाचे 2000 सालचे नियम आहेत, त्यात रात्री 10 ते सकाळी 6 ही वेळ शांततेची धरली आहे, आणि ते फक्त भोंग्यांना नाही, वाद्यांनाही लागतात. दहा वाजता ढोलकी बाजूला ठेवा आणि नुसत्या टाळ्यांवर गाणी म्हणा. आमच्या आया-आज्यांना टाळी पुरत होती. पहाटे जिन्यातून चौरंग निमूट खाली न्या, हलगी सूर्य वर आल्यावर, गेटच्या बाहेर पडल्यावर वाजू दे. पण ‘घरगुती देव गावी बसवा’ हे मात्र ऐकून घेऊ नकोस. जिना, पार्किंग, गच्ची सगळ्यांची आहे, तिथे काय करायचं ते सगळ्यांनी मिळून ठरवावं. उंबऱ्याच्या आत कोणता देव बसवायचा, हा कमिटीचा विषय नाही. हिवाळ्यात तुमच्याही गच्चीवर भरिताची पार्टी होत असेलच. कापसाच्या काड्या पेटवून वांगी भाजतात तेव्हा धूर पाचव्या मजल्यावरच्या खिडक्यांत शिरतोच की. पण तिथे चाळीस घरं पंगतीला बसतात, म्हणून तो धूर कुणाला खुपत नाही.

गावी खोली भाड्यानं घेण्याचा तुझ्या नवऱ्याचा विचार मला मुळीच पटला नाही. तुमचं आयुष्य आता इथे आहे, मुलगा इथे वाढतोय. देव एकीकडे आणि घर दुसरीकडे ठेवलंत, तर दहा वर्षांनी तुझा मुलगा कानबाईला सुट्टी काढून जाईल का, ते त्याला विचारून बघ.

पुढच्या वर्षी आणखी एक करा. रोटाचे गहू मोजून काढलेत की त्याच दिवशी त्यांच्याबाहेरचे दोन किलो गहू सोसायटीसाठी वेगळे काढा. त्याच्या पुरणपोळ्या, गंगाफळाची भाजी, खीर. आमची आजी गल्लीसाठी हेच करायची आणि आत्याच्या पडवीत जायची ती याच घाणातली पोळी. हे तुमच्या कुळाचारात बसतं का, ते सासूबाईंनाच ठरवू दे. घरोघरी रीत वेगळी असते. पण त्यांना विचार, तुमच्या सासूच्या काळी गल्लीला काय द्यायचे? काहीतरी द्यायचेच, मला खात्री आहे.

पण हे पुढच्या श्रावणातलं. तुला वर्षभर थांबायचं नाहीये, आणि थांबायची गरजही नाही. अनंत चतुर्दशीला गणपती गेले की दुसऱ्या दिवशी भाद्रपदाची पौर्णिमा. आपल्या गुलाबाई बसतात. आणि तुझी शेजारीण अकोल्याची! अगं, त्यांच्याकडे त्याच पौर्णिमेला भुलाबाई बसते आणि आपल्यासारखीच कोजागरीला उठते. तीच पार्वती, तोच शंकर, त्याच मातीच्या मूर्ती, त्याच टिपऱ्या. लहानपणी तिनंही संध्याकाळी घरोघरी जाऊन गाणी म्हटली असतील आणि शेवटी डबा कानाशी हलवून आतला खाऊ ओळखला असेल. त्या गाण्यांत रुसलेल्या सुनेला आणायला सासरा जातो, सासू जाते, दीर जातो, ते तिलाही पाठ असेल. धुळ्यात येऊन चार वर्षांत तिनं भुलाबाई बसवली का, हे तू कधी विचारलंस का? मला वाटतं, नाही.

या आठवड्यात तिचं दार वाजव. हातात काही घेऊन जाऊ नकोस, काही देऊन मिटवायला आल्यासारखं दिसेल. ‘त्या दिवशी ताट ओढलं ते चुकलं आणि मी गप्प राहिले ते त्याहून चुकलं’ असं सरळ म्हण आणि मगच रोटाचं सांग. आधी कारण सांगितलंस तर ती सफाई वाटेल. ती ऐकून घेईल, कदाचित रडेल, कदाचित ‘ठीक आहे’ म्हणून दार लावेल. लावलं तर लावू दे. मुलीची वेगळी माफी माग, तिच्या उंचीला खाली बसून. मोठी माणसं ही गोष्ट नेहमी विसरतात.

मग गुलाबाईचं विचार. तुझ्याकडे मुलगा आहे, तिच्याकडे मुलगी. मूर्ती तिच्या घरी बसू दे, तिच्या भुलाबाईच्या नावानं. गाणी दोन्हीकडची होऊ दे. खाली पार्किंगमध्ये सोसायटीतल्या सगळ्या पोरी जमवा, दिवे लागल्यावर तासभर, नऊच्या आत संपेल. पहिल्या दिवशीचा खाऊ तुझ्या घरून जाऊ दे आणि तो सासूबाईंना करायला सांग. डबा त्यांनीच हातात धरावा आणि त्या मुलीलाच पहिल्यांदा हलवायला द्यावा. त्यांना माफीचा शब्द जमणार नाही, पण एवढं त्यांना जमेल असं मला वाटतं.

डब्यात गूळ-शेंगदाणे नका ठेवू, पोरी वासावरूनच ओळखतात. सांजोऱ्या करा. त्या वाजत नाहीत, मग बराच वेळ ओळखत बसावं लागतं.

— माई