निर्गुडीच्या पानांचा अर्क सूज-वेदनेवर चालतो का, हे उंदरांवर कसं तपासायचं?

आधी संस्थेच्या प्राणी नीतिमत्ता समितीची मंजुरी. तिच्याशिवाय पुढचं काहीच नाही.

सुजेसाठी कॅराजीनन (टोचल्यावर सूज आणणारा पदार्थ) वापरून चाचणी घ्या. दर गटात सहा मोठे उंदीर (रॅट): एका गटाला नुसतं माध्यम (ज्या द्रवात अर्क मिसळतो तो), एकाला इंडोमेथासिन (सूज कमी करणारं माहीत असलेलं औषध, तुलनेसाठी) १० मिग्रॅ/किलो, बाकीच्यांना अर्काचे दोन-तीन डोस, सगळं तोंडावाटे. तासाभराने मागच्या उजव्या पंजाच्या तळव्यात १% कॅराजीनन ०.१ मिली टोचा. प्लेथिस्मोमीटरवर (पंजा द्रवात बुडवून त्याचं आकारमान मोजणारं यंत्र) टोचण्याआधी आणि नंतर १, २, ३, ४ तासांनी पंजाचं आकारमान मोजा. तिसऱ्या तासाचा आकडा सगळ्यात बोलका, कारण तेव्हा प्रोस्टाग्लँडिनचा (शरीरात तयार होणारं, सूज-वेदना वाढवणारं रसायन) जोर असतो.

गडबड बहुतेक मोजण्यातच होते. घोट्यावर शाईची खूण करा आणि दर वेळी पंजा तिथपर्यंतच बुडवा, नाहीतर आकडे उगाच वरखाली होतात. कॅराजीननच्या गुठळ्या राहिल्या तर सूजही कमीजास्त येते.

वेदनेसाठी लहान उंदरांत (माइस) ॲसिटिक ॲसिड पोटात टोचल्यावर येणारे पोटाचे आळे (वेदनेने पोट आवळून अंग ताणणं) मोजतात. पण नुसत्या गुंगीनेही आळे कमी होतात! म्हणून ५५ अंशांची हॉट प्लेट (उंदीर चटक्याला किती वेळाने प्रतिसाद देतो ते पाहायचं; १५ सेकंदांना उचलायचंच) आणि रोटारॉड (फिरत्या दांड्यावर तोल टिकतो का, म्हणजे गुंगी आहे का, ते पाहायला) सोबत हवंच.