रंग दिला म्हणून कातडं ‘फिनिश्ड’ होतं का?

प्रश्न : तमिळनाडूतल्या राणीपेटच्या टॅनरीत (कातडी कमावण्याच्या कारखान्यात) जॉबवर्कने, म्हणजे मजुरी देऊन, कोकराची कातडी तयार करून घेऊन मी मुंबईतून निर्यातीचा छोटा धंदा करतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये इटलीला माल पाठवला. शिपिंग बिलावर, म्हणजे कस्टम्सला दिलेल्या निर्यातीच्या कागदावर, शुल्क-यादीतलं शीर्षक ४११२, म्हणजे फिनिश्ड लेदर, असं लिहिलं होतं. आता सीमाशुल्क कायद्याच्या कलम २८(१) ची नोटीस आलीय : नमुना ४१०५ चा, म्हणजे क्रस्ट (कमावून वाळवलेलं, पण फिनिश न केलेलं कातडं), निघाला, २० टक्के निर्यात शुल्क व्याजासह भरा. माल तर पूर्ण रंगवलेला होता! शिवाय हे शुल्क आता रद्द झालंय. आणि गिऱ्हाइकाच्या एका मेलमध्ये ‘डाइड क्रस्ट’ असा शब्द आहे. ती मेल दाखवायची का?

उत्तर : रंगावर भिस्त ठेवू नका. शुल्क-यादीतल्या कातड्यांच्या प्रकरण ४१ च्या टीप २(ब) मध्ये स्पष्ट म्हटलंय की वाळवण्याआधी पुन्हा कमावलेलं, रंगवलेलं किंवा तेल मुरवलेलं कातडंही क्रस्टच. म्हणजे ड्रममध्ये रंगवून वाळवलेला माल ४१०५ मध्येच राहतो. ४११२ साठी क्रस्टनंतर त्यावर पुढचं काम झालेलं असावं लागतं. नेमकं कोणतं, ते लेदरच्या प्रकारावर ठरतं. नापाला (गुळगुळीत, मऊ लेदर) फिनिशचा थर लागतो, स्वेडला (मखमली पृष्ठाचं लेदर) बफिंग करून, म्हणजे घासून, लव उठवावी लागते. परकीय व्यापार महासंचालनालयाच्या १ डिसेंबर २००९ च्या सार्वजनिक सूचनेत हे निकष प्रकारवार दिले आहेत. तुमच्या मालाचा प्रकार त्यात शोधा आणि प्रत्येक प्रक्रियेपुढे पुरावा जोडा : टॅनरीचं जॉबवर्क बिल, स्प्रे आणि प्लेटिंगच्या (गरम प्लेटखाली दाबण्याच्या) नोंदी, फिनिशच्या थराला लागणाऱ्या बाइंडर व लॅकरच्या खरेदीची बिलं. टॅनरीकडे आजच माणूस पाठवा, कारण असे कागद फार दिवस कुणी जपून ठेवत नाही. प्रयोगशाळेच्या अहवालाची पूर्ण प्रत मागा. फिनिशचा थर तपासला होता का, हे त्यात दिसलं पाहिजे. नमुना शिल्लक असेल तर फेरतपासणीचा लेखी अर्ज द्या.

शुल्क रद्द झालं ते फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पात. कलम १६ प्रमाणे दर धरला जातो तो माल जहाजावर चढवायला परवानगी मिळाली त्या दिवसाचा. तुमच्या मालाला ती ऑक्टोबरमध्येच मिळाली, त्यामुळे या सवलतीचा उपयोग नाही.

मेल लपवू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. वर्गीकरण मालाच्या प्रत्यक्ष अवस्थेवरून होतं, गिऱ्हाइकाच्या एका शब्दावरून नाही, आणि तो शब्द कागदपत्रांनी खोडता येतो. पण लपवलेली मेल उघड झाली की प्रकरण माहिती दडवण्याकडे वळतं. मग नोटिशीची मुदत दोन वर्षांऐवजी पाच वर्षं होते आणि दंडही भारी बसतो.

कागद गोळा करताना माल खरोखर नुसता रंगवलेला क्रस्टच होता असं दिसलं, तर लढू नका. कलम २८(१) च्या नोटिशीत, ती मिळाल्यापासून ३० दिवसांत शुल्क आणि व्याज पूर्ण भरलं तर दंड लागत नाही आणि प्रकरण तिथेच मिटतं. लढायचं ठरलं आणि आदेश विरोधात गेला, तर आयुक्तांकडे अपिलाला ६० दिवस मिळतात. त्यासाठी शुल्काच्या साडेसात टक्के रक्कम आधी भरावी लागते. म्हणून नोटीस हातात पडल्याची तारीख आधी पक्की करा, आणि कागद घेऊन त्या ३० दिवसांच्या आत वकिलाला भेटा.