तळघरात की वर? ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’विषयी तुमचे प्रश्न

मागच्या लेखात दिग्दर्शक जॉर्ज रोमेरो यांच्या १९६८ सालच्या ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ या अमेरिकन भयपटाचा ओझरता उल्लेख केला होता. मेलेली माणसं उठून जिवंतांना खाऊ लागतात आणि सात जण एका शेतघरात अडकतात, अशी त्याची गोष्ट. त्यावर इतकी पत्रं आली की हा अख्खा लेख त्यांनाच देतो आहे. शेवट सांगितल्याशिवाय काही उत्तरं देता येणार नाहीत. ज्यांनी चित्रपट पाहिला नसेल त्यांनी आधी तो पाहावा. दीड तासाचाच आहे.

आम्ही चार मित्र कोल्हापुरात लघुपट करतो. पैसा नाही म्हणून भयपटाच्या वाटेला जात नाही. या लोकांनी नेमकं कसं जमवलं?

एकूण खर्च साधारण १ लाख १४ हजार डॉलर. हॉलिवूडच्या हिशेबात चिल्लर. पण एक गोष्ट लक्षात घ्या, ही मंडळी नवशिकी नव्हती. पिट्सबर्गमध्ये ‘लेटंट इमेज’ नावाची त्यांची छोटी कंपनी होती आणि जाहिराती करून करून कॅमेरा, दिवे, संकलन यांवर त्यांचा हात बसला होता. सुरुवातीला दहा जणांनी प्रत्येकी ६०० डॉलर काढले, म्हणून निर्मितीसंस्थेचं नाव ‘इमेज टेन’. बाकीचे पैसे पुढे जमत गेले.

पुढचं सगळं ‘जे हाताशी आहे ते वापरा’ या न्यायाने झालं. एव्हान्स सिटीजवळचं एक शेतघर पाडायचंच होतं, म्हणून त्याच्या दारं-खिडक्यांवर बिनधास्त फळ्या ठोकता आल्या. रक्त म्हणजे बॉस्को कंपनीचं चॉकलेट सिरप. कृष्णधवल फिल्मवर ते अगदी खरं दिसतं. पैसे घालणाऱ्यांपैकी एकाचा मांसाचा धंदा होता, आतडी तिथून आली. पार्श्वसंगीत संगीतसंग्रहातून तयार घेतलेलं. घरात अडकलेल्या हॅरी कूपरचं काम केलेले कार्ल हार्डमन स्वतः निर्मात्यांपैकी एक, आणि पडद्यावरची त्यांची मुलगी ही त्यांची खरी मुलगी. सुरुवातीला दिसणारी गाडी निर्माते रसेल स्ट्रायनर यांच्या आईची होती. चित्रीकरणाच्या दरम्यान तिला पोचा आला, तर यांनी ती झाडावर आदळल्याचा प्रसंगच घातला!

तुमच्यासाठी मला यातलं महत्त्वाचं वाटतं ते हे: त्यांनी मोठी गोष्ट स्वस्तात उरकली नाही. गोष्टच आपल्या ऐपतीच्या मापाची बेतली. एक घर, एक रात्र, आत सात माणसं. बाकी जगाची वाताहत रेडिओ आणि टीव्हीवरून कळते. बातमीदार म्हणून दिसणारे बिल कार्डिल हे पिट्सबर्गच्या टीव्हीवरचे खरेखुरे ओळखीचे चेहरे होते. तिथल्या प्रेक्षकाला काय वाटलं असेल, विचार करा.

चित्रपटात ‘झोंबी’ हा शब्द मला एकदाही ऐकू आला नाही. माझे कान गेले की काय?

कान शाबूत आहेत. तो शब्द चित्रपटात नाहीच. तिथे त्यांना ‘घूल’ म्हणतात, म्हणजे प्रेतं खाणारं पिशाच्च. झोंबी हा शब्द हैतीचा. तिथल्या लोकसमजुतीत झोंबी म्हणजे मांत्रिकाने उठवून राबायला लावलेलं प्रेत. गुलामगिरीत उसाच्या मळ्यांवर मेलेल्यांच्या वंशजांची ही भीती आहे: मरणानंतरही काम सुटणार नाही. १९३२ च्या ‘व्हाइट झोंबी’त अशी प्रेतं साखरेच्या गिरणीत राबताना दिसतात.

रोमेरो यांनी मांत्रिक काढून टाकला आणि मालक नसलेली, फक्त भूक असलेली प्रेतं उभी केली. रिचर्ड मॅथेसन यांच्या १९५४ च्या ‘आय अ‍ॅम लेजंड’ या कादंबरीचं ऋण त्यांनी उघडपणे मानलं आहे. आपल्या भुतांशी ताडून पाहा. मुंज्याला पिंपळ असतो, समंधाची काही वासना उरलेली असते, हडळीमागे तिची हकिगत असते. म्हणजे त्यांच्याशी बोलता येतं, नारळ देऊन काही मिटवता येतं. या प्रेतांशी बोलायला काहीच नाही. मला तरी त्यांची धास्ती जास्त वाटते ती यामुळे.

नायक कृष्णवर्णीय घेणं हे वर्णद्वेषावरचं भाष्य होतं का? पुण्यातल्या आमच्या फिल्म क्लबमध्ये यावरून वाद झाला.

रोमेरो आयुष्यभर सांगत राहिले की चाचणीत ड्वेन जोन्स सर्वांत चांगले वाटले म्हणून त्यांना घेतलं. नायक बेन हे पात्र कागदावर एक रांगडा ट्रकचालक होतं. जोन्स सुशिक्षित, रंगभूमीवरचे नट. त्यांनी बेनला शांत, स्वच्छ बोलणारा, डोकं ताळ्यावर असलेला माणूस केलं. चित्रपटात कुणीही त्याच्या वर्णाबद्दल चकार शब्द काढत नाही.

पण हेतू नव्हता म्हणून अर्थ नाही, असं होत नाही. ४ एप्रिल १९६८ च्या रात्री रोमेरो आणि स्ट्रायनर तयार प्रिंट गाडीत घालून न्यूयॉर्कला निघाले होते, आणि वाटेत रेडिओवर मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येची बातमी लागली. ऑक्टोबरमध्ये चित्रपट लागला तेव्हा प्रेक्षकांनी काय पाहिलं? रात्रभर तग धरलेला कृष्णवर्णीय माणूस सकाळी खिडकीशी येतो आणि बंदुका घेतलेले गोरे लोक त्याला प्रेत समजून गोळी घालतात. नंतर लोखंडी आकड्यांनी ओढून नेलेल्या त्याच्या देहाची खरबरीत स्थिरचित्रं, वर्तमानपत्रात छापल्यासारखी. अमेरिकेतल्या झुंडबळींचे फोटो ज्यांनी पाहिले होते त्यांना आणखी काही समजावून सांगायची गरज नव्हती. तेव्हा तुमच्या क्लबमधल्या दोन्ही बाजू खऱ्या आहेत, पण ‘भाष्य आहे’ म्हणणाऱ्यांकडे मी झुकतो.

शेवटी बेन तळघरात लपूनच वाचतो. म्हणजे हॅरी कूपरच बरोबर होता ना? मग त्याला खलनायक का केलं?

सगळ्या पत्रांत मला हे पत्र सर्वांत आवडलं.

कूपरचं म्हणणं: तळघरात जाऊ, दार आतून बंद करू, मदत येईपर्यंत बसू. बेनचं म्हणणं: तळघराला एकच दार, ते तुटलं की संपलं, वर पळायला वाट तरी आहे. आपण बेनच्या बाजूने असतो, कारण बेन धीराचा आणि कूपर घाबरट, आक्रस्ताळा. पण हिशेब मांडा. पेट्रोल आणायचा बेत बेनने पुढे रेटला. त्यात ट्रक पेटला आणि घरातलं तरुण जोडपं, टॉम-ज्युडी, गेले. फळ्या शेवटी टिकल्या नाहीत. आणि ज्याला त्याने सापळा म्हटलं, त्याच तळघरात तो सकाळपर्यंत जिवंत राहिला.

तरी कूपर बरोबर होता असं मी म्हणणार नाही. रेडिओ आणि टीव्ही वर होते; खाली बसले असते तर बाहेर काय चाललंय याचा पत्ता लागला नसता. आणि चावा बसलेली त्याची मुलगी खालीच होती; चावा बसलेला माणूस मरतो आणि प्रेत होऊन उठतो. सगळे तळघरात कोंडून घेते, तर दाराबाहेरच्यांची गरजच उरली नसती. ती मुलगी तशी उठल्यावर आईवर खुरपीने वार करते तो प्रसंग मी आजही सरळ नजरेने पाहू शकत नाही.

म्हणजे दोघांपाशी अर्धं अर्धं शहाणपण होतं. वर राहून बातम्या ऐकायच्या, आणि फळ्या निघू लागल्या की खाली जायचं, इतकं साधं होतं ते. पण ‘या घरात हुकूम कुणाचा’ हे ठरवण्यात रात्र गेली. बाहेरची प्रेतं संथ, अडखळत चालणारी आहेत, एकेकटं गाठलं तर ढकलूनही देता येतात. त्यांना वेळ मिळाला तो आतल्या भांडणामुळे. पुढच्या शेकडो झोंबीपटांनी प्रेतं उचलली, पण हे भांडण इतक्या नेमकेपणाने फार थोड्यांना जमलं.

हा चित्रपट इंटरनेटवर सगळीकडे फुकट कसा? चोरीचा माल आहे का?

नाही. अमेरिकेत तो सार्वजनिक मालकीचा आहे, आणि त्याची गोष्ट दुःखद आहे. तेव्हाच्या तिथल्या कायद्यानुसार प्रतीवर स्वामित्वहक्काची सूचना छापणं बंधनकारक होतं. चित्रपटाचं आधीचं नाव ‘नाइट ऑफ द फ्लेश ईटर्स’. वितरकाने नाव बदललं, नवी श्रेयपाटी घातली, आणि जुन्या पाटीवरची सूचना नव्या पाटीवर घ्यायची राहून गेली. एका ओळीपायी हक्क गेला. कुणीही प्रती काढाव्यात, कुणीही दाखवावा. तो घराघरांत पोचला तो त्यामुळेही, हे खरं. पण ज्यांनी खिशातले ६०० डॉलर काढले होते त्यांच्या हक्काचा पैसा गेला. याची मला अजून चुटपुट लागते.

फुकट प्रती बहुतेक काळवंडलेल्या आहेत. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने आणि फिल्म फाउंडेशनने मूळ निगेटिव्हवरून केलेली, २०१६ मध्ये दाखवलेली प्रत मिळाली तर तीच पाहा. गवताची पाती मोजता येतात.

आपल्याकडे याचा काही वारसा आहे का?

आहे. गोव्यात घडणारा ‘गो गोवा गॉन’ २०१३ चा, आणि मराठीत आदित्य सरपोतदार यांचा ‘झोंबिवली’ २०२२ चा. डोंबिवलीतली नवी टोलेजंग इमारत आणि शेजारची झोपडपट्टी, ही मांडणी थेट रोमेरो यांच्या घराण्यातली आहे: संकट आलं की कुणाला आत घ्यायचं? रोमेरो यांनीच १९७८ च्या ‘डॉन ऑफ द डेड’मध्ये मॉलमध्ये हाच प्रश्न नेला होता. मेंदू खाणारे झोंबी मात्र त्यांचे नाहीत. ते १९८५ च्या ‘द रिटर्न ऑफ द लिव्हिंग डेड’चे.

माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे. जुना, कृष्णधवल चित्रपट, दाखवायला हरकत नाही ना?

हरकत आहे. १९६८ मध्ये अमेरिकेतल्या आईबापांनी हीच चूक केली. वयानुसार दर्जा देण्याची पद्धत त्याच वर्षी १ नोव्हेंबरला सुरू झाली. त्याआधीच हा चित्रपट दुपारच्या खेळांना लागला होता आणि लहान मुलं एकटी जाऊन बसत होती. समीक्षक रॉजर ईबर्ट यांनी अशाच एका खेळाबद्दल लिहिलंय: सुरुवातीचा कलकलाट हळूहळू थांबला आणि मुलं रडू लागली. चौदा-पंधराचा झाला की दाखवा, आणि शेजारी बसून पाहा. संपल्यावर त्याला विचारा, तू तळघरात गेला असतास की वर थांबला असतास?